४८के स्पेक्ट्रमला तीन सुरांची चिप: एवाय-३-८९१० घरच्या घरी जोडण्याची पूर्ण कृती

सिंक्लेअरचा झेडएक्स स्पेक्ट्रम एप्रिल १९८२मध्ये आला तेव्हा त्याच्या आवाजाचा सगळा कारभार एका बिटवर चालायचा. पोर्ट २५४चा बिट ४ वर-खाली केला की आतला छोटा स्पीकर टिकटिकतो, आणि तेच भराभर केलं की सूर ऐकू येतो. ही वर-खाली झेड८० प्रोसेसरला स्वतः करावी लागते, म्हणून बीप वाजेपर्यंत बेसिकमधला प्रोग्राम जागच्या जागी थांबून राहतो. १९८५मध्ये स्पेनला आणि पुढल्या वर्षी ब्रिटनला स्पेक्ट्रम १२८ मिळाला, त्यात ही अडचण सुटली. जनरल इन्स्ट्रुमेंट कंपनीची एवाय-३-८९१२ ही आवाजाची स्वतंत्र चिप त्यात होती. तिला आकडे दिले की ती आपली वाजत राहते आणि प्रोसेसर मोकळा होतो.

तीच सोय ४८केला, म्हणजे ४८ के मेमरीच्या जुन्या स्पेक्ट्रमला, बाहेरून देता येते. भारतात डेसिबेल्स कंपनीनं डीबी स्पेक्ट्रम प्लस या नावानं जो संच विकला, तोही ४८केच, तेव्हा इंदूरच्या रामबागेतल्या एखाद्या घराच्या माळ्यावर तसा खोका सापडला तर ही कृती त्यालाही चालते. स्पेक्ट्रम १२८, प्लस टू यांच्यात चिप आधीच आहे, त्यांच्या वाटेला जाऊ नका.

या कामात चिप अवघड नाही. तिच्या चाळीस पिनांपैकी डोकं लावावं लागतं ते तीनच पिनांसाठी: चिपला काय करायचं ते सांगणाऱ्या बीडीआयआर आणि बीसी१, आणि तिला ठेका देणारा क्लॉक. बाकी सगळं तारेला तार. म्हणून इथे क्रम असा ठेवला आहे की प्रत्येक टप्पा पुढे जाण्याआधी स्वतःची खात्री देईल, आणि चिप सगळ्यात शेवटी बेसमध्ये बसेल. चाळीस वर्षं जुन्या मशीनवर काम करताना माझा या क्रमाबद्दल आग्रह आहे. सगळं एकदम जोडून बटण दाबलं आणि आवाज आला नाही, तर दोष कुठे शोधायचा हेच कळत नाही.

सामान

एवाय-३-८९१० ही चाळीस पिनांची. ८९१२ अठ्ठावीस पिनांची आणि ८९१३ चोवीस पिनांची, आतला आवाज तिन्हींचा एकच. फरक फक्त इनपुट-आउटपुट पोर्टांचा: पहिलीत दोन, दुसरीत एक, तिसरीत एकही नाही. यामाहाची वायएम२१४९ ही ८९१०च्या जागी पिनेला पिन बसते. ऑनलाइन मिळणाऱ्या या चिपा पुष्कळदा जुन्या बोर्डांवरून काढलेल्या, वरचं नाव घासून पुन्हा छापलेल्या असतात. छापील नावावर जाऊ नका, खरी ओळख पटवायची युक्ती पुढे दिली आहे. दोन घ्या, एक हाताशी राहू द्या.

सोबत ७४एलएस१३८, ७४एलएस००, ७४एचसीयू०४ आणि ७४एचसी७४ अशा चार छोट्या आयसी, प्रत्येकीला आयसी बेस, ३.५७९५ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल, झिरो पीसीबी, रिबन केबल आणि किरकोळ रेझिस्टर-कपॅसिटर. इंदूरात इंजिनियरिंग कॉलेजं भरपूर, त्यांच्या प्रॅक्टिकलांमुळे ७४ मालिका जेल रोडच्या बाजारात मागता येते. क्रिस्टल मागताना ‘डीटीएमएफवाला’ म्हणा. फोनच्या डीटीएमएफ डिकोडरला हाच लागतो, त्यामुळे दुकानदाराला लगेच कळतं.

१३८ आणि ०० या दोन्ही एलएस किंवा एचसीटी घ्या, साध्या एचसी नकोत. झेड८०चे सिग्नल टीटीएल पातळीचे असतात. २.४ व्होल्टला तो ‘एक’ म्हणून मोकळा होतो, आणि साध्या एचसीला पाच व्होल्टवर ‘एक’ समजायला साडेतीनच्या आसपास लागतात. एखाद्या संचावर एचसी चालून जाईल, पण ‘चालून जाईल’वर बांधू नये.

कनेक्टर

स्पेक्ट्रमच्या पाठीमागे बोर्डाचीच कड बाहेर आलेली असते: वर २८ आणि खाली २८ पट्ट्या, अंतर २.५४ मिलिमीटर. तिला बसणारा ५६ पिनांचा तयार कनेक्टर सहज मिळत नाही. पण जुन्या ४८६ मदरबोर्डावरच्या आयएसए स्लॉटचं अंतर अगदी तेच आहे, आणि त्याच्या आठ-बिट भागात ३१ जोड्या असतात. भंगारातला बोर्ड आणा. घरी हॉट एअर नसेल तर मोबाइल दुरुस्तीच्या टपरीवर सांगा, “दादा, हा काळा स्लॉट अख्खा काढून द्या, प्लास्टिक वितळू देऊ नका.” बोर्ड खालून तापवला की स्लॉट सरळ वर येतो. पकडीनं ओढला तर पिना वाकतात.

आता हॅक्सॉच्या बारीक पात्यानं दोन्ही टोकं अशी कापा की मधे २८ जोड्या शाबूत राहतील आणि टोकांच्या बंद भिंती निघून जातील. कापलेली कड पॉलिश पेपरवर घासून घ्या. स्पेक्ट्रमच्या कडेला पाचव्या जागी एक खाच आहे. कनेक्टरमधल्या पाचव्या जोडीच्या दोन्ही पिना उपटा आणि त्या फटीत पीसीबीचा पातळ तुकडा फेव्हिक्विकनं पक्का बसवा. हा तुकडा म्हणजे चावी. तो नसेल तर कनेक्टर एका पट्टीनं सरकून बसू शकतो, आणि खालच्या बाजूला तिसरी पट्टी पाच व्होल्टची तर तिला चिकटून चौथी नऊ व्होल्टची आहे. नऊ व्होल्ट पाचाच्या लाइनवर आले की यूएलए (पडदा आणि कीबोर्ड सांभाळणारी स्पेक्ट्रमची मुख्य चिप) आणि रॅम एका क्षणात जातात. सगळ्या जोडणीत सर्वाधिक वेळ या तुकड्याला द्या: बसवा, काढा, पुन्हा बसवा, आणि डावी-उजवीकडे जरासुद्धा हलत नाही याची बोटांनी खात्री करा.

मशीन चालू असताना कनेक्टर लावायचा नाही, काढायचा नाही, हलवायचाही नाही. खालच्या १६ के मेमरीतल्या ४११६ आयसींना +५, −५ आणि +१२ असे तीन व्होल्टेज लागतात. कनेक्टर हलून त्यातलं एक जरी क्षणभर बिघडलं तरी त्या आयसी आणि व्होल्टेज बनवणारा टीआर४ ट्रान्झिस्टर यांच्यावर संकट येतं. जोडण्याआधी बोर्डाच्या पट्ट्या खोडरबरानं हलक्या घासा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. पावसाळ्यात खोक्यात पडून राहिलेल्या संचावर काळपट थर असतोच.

ॲडॉप्टरही बघून घ्या. स्पेक्ट्रमचा मूळ ॲडॉप्टर ९ व्होल्ट, १.४ ॲम्पिअर, आणि त्याच्या प्लगमध्ये मधली बाजू ऋण असते. आजचे बहुतेक ॲडॉप्टर उलटे.

कुठली तार कुठून

खाच पाचव्या जागी येईल त्या टोकाकडून मोजा. ‘वर’ म्हणजे बोर्डावर पार्ट लावलेली बाजू. ए म्हणजे पत्त्याच्या तारा, डी म्हणजे डेटाच्या. आयओआरक्यू (पोर्टशी काम), डब्ल्यूआर (लिहिणं) आणि एम१ (नवा हुकूम उचलणं) या झेड८०च्या इशाऱ्याच्या तारा, शून्यावर आल्या की इशारा झाला.

वरच्या बाजूला: १ वर ए१५, ३ वर डी७, ६ वर डी०, ७ वर डी१, ८ वर डी२, ९ वर डी६, १० वर डी५, ११ वर डी३, १२ वर डी४, १७ वर आयओआरक्यू, १९ वर डब्ल्यूआर, २४ वर एम१.

खालच्या बाजूला: १ वर ए१४, ३ वर +५ व्होल्ट, ६ आणि ७ वर ग्राउंड, १० वर ए१, २० वर रिसेट.

डेटा लाइनींचा क्रम नीट वाचा: ०, १, २, ६, ५, ३, ४, आणि ७ तर पार दुसरीकडे. सवयीनं ओळीत तारा लावणारा इथे हमखास फसतो, आणि ही चूक सोप्या चाचणीत पकडली जात नाही. ते का, ते पुढे सांगतो. रिबन केबल वीतभरापेक्षा लांब ठेवू नका.

चिपला हाक मारणारं सर्किट

स्पेक्ट्रम १२८मध्ये चिपचे दोन पोर्ट आहेत. ६५५३३ वर रजिस्टरचा (चिपमधल्या आकडा ठेवायच्या कप्प्याचा) नंबर पाठवायचा आणि तिथूनच वाचायचं, ४९१४९ वर त्या रजिस्टरमध्ये टाकायचा आकडा पाठवायचा. आपणही तेच पत्ते घेऊ, म्हणजे १२८साठी लिहिलेला संगीताचा कोड तसाच चालेल. बायनरीत बघितलं तर दोन्ही पत्त्यांत ए१५ एक आहे आणि ए१ शून्य. फरक फक्त ए१४चा. ए० दोन्हींत एक आहे, म्हणून यूएलए मधे पडत नाही, कारण ती ए० शून्य असतानाच उत्तर देते.

चिपला तीन अवस्था समजावून द्यायच्या. बीसी२ ही पिन कायमची +५ला बांधली की उरतात दोन तारा. बीडीआयआर आणि बीसी१ दोन्ही एक असतील तर ‘रजिस्टरचा नंबर घे’. बीडीआयआर एक, बीसी१ शून्य तर ‘आकडा घे’. बीडीआयआर शून्य, बीसी१ एक तर ‘आकडा दे’. दोन्ही शून्य म्हणजे गप्प बस.

यासाठी पाच-सहा गेटांचं जाळं विणलेली सर्किटं बघायला मिळतात. मला १३८ वापरून केलेली जोडणी जास्त आवडते, कारण दोन आयसींत काम होतं आणि प्रत्येक अवस्थेला स्वतःची वेगळी पिन मिळते, जिच्यावर बोट ठेवून तपासता येतं.

७४एलएस१३८ची पिन १ ए१४ला, २ डब्ल्यूआरला, ३ एम१ला, ४ आयओआरक्यूला, ५ ए१ला आणि ६ ए१५ला जोडा. ८ ग्राउंड, १६ +५. आता आयओआरक्यू खाली, ए१ खाली आणि ए१५ वर असेल तेव्हाच ही आयसी जागी होते. एम१ वर असताना ४९१४९ वर लिहिलं तर पिन ११ खाली जाते, ६५५३३ वर लिहिलं तर पिन १०, आणि ६५५३३ वाचलं तर पिन ७. एम१ हवाच. इंटरप्ट स्वीकारताना झेड८० आयओआरक्यू आणि एम१ दोन्ही एकदम खाली ओढतो. एम१ नसेल तर तो क्षण चिपला ‘आकडा दे’ असा ऐकू येऊ शकतो, आणि स्पेक्ट्रममध्ये इंटरप्ट सेकंदाला पन्नास वेळा येतो. आरडीची (वाचनाच्या इशाऱ्याची) तार मात्र लागत नाही: आयओआरक्यू खाली आणि डब्ल्यूआर वर म्हणजे वाचनच.

पुढे ७४एलएस००. पिन १ आणि २ला १३८च्या ११ आणि १० आणा, पिन ३ झाली बीडीआयआर. पिन ४ आणि ५ला १३८च्या १० आणि ७ आणा, पिन ६ झाली बीसी१. ७ ग्राउंड, १४ +५.

उरलेल्या दोन गेटांचा तपासनीस

००मध्ये दोन नॅण्ड गेट रिकामे राहतात. ते वाया घालवू नका. बेसिकच्या एका आउट हुकमात सिग्नल जेमतेम एखादा मायक्रोसेकंद खाली जातो. तो मल्टिमीटरला दिसत नाही, एलईडीलाही नाही, आणि ऑसिलोस्कोप सगळ्यांकडे नसतो. पण दोन नॅण्ड उलटसुलट जोडले की तो एक मायक्रोसेकंद पकडून ठेवता येतो.

पिन ८ ते १२ अशी तार, पिन ११ ते १० अशी दुसरी. पिन ९ला १० किलोओमनं +५ आणि त्याच पिनेला एक मोकळी तपासणी तार. पिन १३ला १० किलोओमनं +५ आणि एक छोटं पुश बटण ग्राउंडकडे. +५पासून ४७० ओम आणि एलईडी, एलईडीची ऋण बाजू पिन ११ला. बटण दाबलं की एलईडी विझतो. तपासणी तारेवर क्षणभर जरी ‘शून्य’ आलं की पेटतो आणि पेटलेलाच राहतो.

आता एवायचा बेस रिकामाच ठेवून मशीन चालू करा. आधी नेहमीचा कॉपीराइटचा मजकूर पडद्यावर यायला हवा. नाही आला तर लगेच बंद करा, कुठेतरी दोन शेजारच्या तारा चिकटल्या आहेत. आला, तर तपासणी तार १३८च्या पिन १०ला लावा, बटण दाबून एलईडी विझवा आणि टाइप करा: आउट ६५५३३,० (एक्स्टेंड मोडमध्ये जाऊन सिम्बॉल शिफ्ट आणि ‘ओ’ची कळ). एंटर दाबताच एलईडी पेटायला हवा. तार पिन ११ला हलवून आउट ४९१४९,० द्या. मग पिन ७ला हलवून प्रिंट इन ६५५३३ द्या.

त्यानंतर उलट तपासणीही करा: तार ११ वर असताना ६५५३३ वर लिहिलं तर एलईडी पेटता कामा नये. नुसता कीबोर्ड चालवूनही पेटता कामा नये. कीबोर्ड आणि बॉर्डर यांच्या पोर्टमध्ये ए१ एक असतो, त्यामुळे आपली १३८ तेव्हा झोपलेली असते. या चाचण्या जमल्या की सगळ्यात कठीण भाग संपला.

क्लॉक: स्पेक्ट्रमचा घेऊ नका

कनेक्टरवर प्रोसेसरचा ३.५ मेगाहर्ट्झचा क्लॉक खाली ८ वर मिळतो. त्याला दोननं भागून चिपला द्यायचा मोह होतो, कारण एक आयसी वाचते. पण ४८केमध्ये यूएलएला पडद्यासाठी मेमरी हवी असली की ती प्रोसेसरचा क्लॉकच थांबवून ठेवते. प्रोग्राम खालच्या १६ के रॅममध्ये काम करत असेल तर हे सतत होतं, आणि त्या क्लॉकवर चालणारी चिप सूर धरून ठेवत नाही. तो थरथरतो, खरखरतो. वाजवणारी चिप स्वतःच्या क्रिस्टलवर असावी, यात मला तडजोड मान्य नाही.

एचसीयू०४च्या पिन १ आणि २मध्ये क्रिस्टल लावा, त्यालाच समांतर १ मेगाओम, आणि दोन्ही पिनांपासून ग्राउंडला २२ पिकोफॅरड. पिन २ पुढे पिन ३ला, आणि पिन ४चा सिग्नल एचसी७४च्या पिन ३ला. ७४मध्ये पिन २ आणि ६ एकमेकांना जोडा, १ आणि ४ +५ला, आणि पिन ५वर मिळाला १.७९ मेगाहर्ट्झ. दोन्ही आयसींना ७ ग्राउंड, १४ +५. न वापरलेली इनपुट, म्हणजे ०४च्या ५, ९, ११, १३ आणि ७४च्या १०, ११, १२, १३, ग्राउंडला बांधा.

क्लॉक चालतो की नाही हे साध्या मल्टिमीटरनं कळतं. पिन ५ वर डीसी मोजा. सारखा वर-खाली होणारा सिग्नल असेल तर सरासरी अडीच व्होल्टच्या आसपास दिसते. शून्य किंवा सरळ पाच दिसले तर क्रिस्टल सुरूच झालेला नाही.

स्पेक्ट्रम १२८चा क्लॉक १.७७३४ मेगाहर्ट्झ आहे, आपला त्याहून किंचित जास्त. फरक साधारण १६ सेंटचा, म्हणजे अर्ध्या स्वराच्या सहाव्या हिश्शाएवढा. एकट्यानं ऐकताना कुणाच्या लक्षात येणार नाही. मूळ यंत्राशी जुळवून वाजवायचं असेल तर ३.५४६९चा क्रिस्टल मागवा. आणि चिप वायएम२१४९ असेल तर ७४ची गरजच नाही: तिची पिन २६ ग्राउंडला बांधली की ती आतच दोननं भागते, क्रिस्टलचा सिग्नल सरळ द्यायचा. एवायला मात्र २ मेगाहर्ट्झच्या वर क्लॉक देऊ नये, आणि तिची पिन २६ मोकळीच सोडावी.

चिप बसवणं

८९१०च्या बेसवर पिन १ ग्राउंड आणि ४० +५. डेटा उलट्या क्रमानं: डी० पिन ३७ला, तिथून खाली येत डी७ पिन ३०ला. पिन २२ क्लॉक, २३ स्पेक्ट्रमच्या रिसेटला, २४ ग्राउंडला, २५ +५ला, २७ बीडीआयआर, २८ +५ला, २९ बीसी१. आवाज निघतो पिन ४ (चॅनल ए), ३ (बी) आणि ३८ (सी) मधून. बाकीच्या पिना मोकळ्या. प्रत्येक आयसीच्या सप्लायजवळ ‘१०४’ लिहिलेला कपॅसिटर आणि बोर्डावर वीज येते तिथे १०० मायक्रोफॅरड. चिप ७५ मिलिॲम्पच्या आत भागवते, स्पेक्ट्रमला तेवढं देणं जड जात नाही.

मशीन बंद करून चिप बसवा, खाच बेसच्या खाचेकडे. चालू करा. पहिली चाचणी आवाजाची नाही, वाचनाची:

आउट ६५५३३,० : आउट ४९१४९,१७० : प्रिंट इन ६५५३३

१७० परत यायला हवेत. मग ८५ पाठवून बघा. या दोन आकड्यांत शेजारशेजारचे बिट उलट असतात, त्यामुळे चिकटलेल्या डेटा लाइनी इथेच उघड्या पडतात. २५५ मात्र चाचणीला वापरू नका. चिप मुळात नसली तरी स्पेक्ट्रम रिकाम्या बसवरून २५५ देऊ शकतो.

आता चिपची ओळख. रजिस्टर १मध्ये १७० लिहून वाचा. जनरल इन्स्ट्रुमेंटची एवाय १० देते, कारण त्या रजिस्टरचे खालचे चारच बिट ती ठेवते. यामाहा १७० जसेच्या तसे परत करते. वर काहीही छापलेलं असो, चिप काय आहे ते इथे कळतं.

मघाशी म्हटलेली चूक हीच चाचणी थोडी उघडी पाडते. समजा डी३ आणि डी४ची अदलाबदल झाली आहे. रजिस्टर ०मध्ये लिहिलेला आकडा जाताना उलटतो आणि येताना त्याच तारांवरून पुन्हा उलटून सरळ होतो, म्हणून १७० बरोबरच दिसतात आणि आपण निर्धास्त होतो. पण एवायवर रजिस्टर १मध्ये २५५ लिहिलं तर १५ऐवजी २३ येतात. एवढं करूनही डी१ ते डी३ या तारांची किंवा डी४ ते डी७ या तारांची आपसातली अदलाबदल यात दिसत नाही. त्यासाठी मल्टिमीटरचा बीप लावून कनेक्टरच्या प्रत्येक पट्टीपासून बेसच्या पिनेपर्यंत आठही तारा एकेक करून वाजवून घ्याव्यात.

आवाज बाहेर

प्रत्येक चॅनलला ग्राउंडकडे १ किलोओम लावा. हा भार नसेल तर आउटपुटवर नीट व्होल्टेजच बनत नाही. मोनो हवं असेल तर तिन्हींपासून १०-१० किलोओम एका ठिकाणी आणा, तिथून १० मायक्रोफॅरड (धन बाजू चिपकडे) आणि पुढे ॲम्प्लिफायर. स्टीरिओत ए डावीकडे, सी उजवीकडे आणि बी दोन्हीकडे २२-२२ किलोओमनं. स्टीरिओच करा, दोन रेझिस्टरांत तिन्ही आवाज सुटे सुटे ऐकू येतात. कॉम्प्युटरचे साधे स्पीकर पुरतात. ॲम्प्लिफायरची वीज स्पेक्ट्रममधून घेऊ नका, आणि आवाजाची ग्राउंड चिपच्या पिन १पाशीच जोडा, नाहीतर पडद्याची घरघर स्पीकरमध्ये उतरते.

पहिला सूर: रजिस्टर ० मध्ये २५४, १ मध्ये ०, ७ मध्ये ६२, ८ मध्ये १५. हा ४४० हर्ट्झच्या जवळचा सूर. रजिस्टर ७ म्हणजे चॅनल चालू-बंद करायची पट्टी, आणि तिच्यात शून्य म्हणजे चालू. ६२मध्ये फक्त शेवटचा बिट शून्य आहे, म्हणून एकटा ए वाजतो. गप्प करायला तिथे ६३.

सा, प, सा

चिप सूर काढते तो भागाकार करून: क्लॉकला १६नं आणि मग आपण दिलेल्या बारा बिटांच्या आकड्यानं भागायचं. आपल्या क्रिस्टलवर ते १,११,८६१ भागिले आकडा असं पडतं. पाश्चात्त्य पियानोच्या पट्टीला हा भागाकार नेहमी थोडा इकडे-तिकडे बसतो. पण आपल्या शुद्ध स्वरांची नाती पूर्णांकांची आहेत, षड्जाशी पंचम दीडपट आणि शुद्ध गंधार सव्वापट, आणि भागाकारानं चालणाऱ्या चिपला ती तंतोतंत साधतात. अमीर खाँसाहेबांच्या घराण्याला ज्या गावाचं नाव आहे, त्या इंदूरात ही चिप खेळाच्या धूनेपेक्षा तंबोऱ्यानं तपासावी असं मला मनापासून वाटतं.

खर्जासाठी ८१० घ्या. काळी एकच्या जवळ, फक्त सहाएक सेंट खाली. पंचम त्याचा दोन तृतीयांश, ५४०. मधला सा निम्मा, ४०५. तिन्ही पूर्णांक, एकही कण उरत नाही. प्रत्येक आकड्याचे दोन भाग करायचे: ८१० म्हणजे ३ गुणिले २५६ अधिक ४२.

१० फॉर आय=० टू १०
२० रीड व्ही
३० आउट ६५५३३,आय: आउट ४९१४९,व्ही
४० नेक्स्ट आय
५० डेटा ४२,३,२८,२,१४९,१,०,५६,१२,१०,११

प्रोग्राम संपतो, पडद्यावर ‘ओके’ येतं, आणि सूर चालूच राहतात. आता बीपनं कधी करू दिलं नाही ते करा: सूर चालू असताना दुसरा प्रोग्राम टाइप करा. गंधार ऐकायचा असेल तर चॅनल सीला ४०५ऐवजी ३२४ द्या, म्हणजे रजिस्टर ४मध्ये ६८ आणि ५मध्ये १. मधल्या सप्तकातला शुद्ध गंधार, बेसूरपणाचं एकही आंदोलन नसलेला.

हा चौकोनी तरंगांचा सूर आहे, तंबोऱ्याची जवारी त्यात नाही. पण तार छेडल्यासारखा उतार देता येतो. रजिस्टर ८मध्ये १६ लिहिलं की ए चॅनलचा आवाज एन्व्हलपच्या, म्हणजे आवाज आपोआप चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या भागाच्या, ताब्यात जातो. ११मध्ये ७९ आणि १२मध्ये २७ म्हणजे एका सेकंदाचा उतार. रजिस्टर १३मध्ये ० लिहाल त्या क्षणी तार छेडली जाते, दर वेळी लिहाल तेव्हा नव्यानं. एन्व्हलप तिन्ही चॅनलांत मिळून एकच आहे, म्हणून एकाच तारेला छेड द्या आणि बाकी दोन धरून ठेवा. आउट ६५५३३,१३ : आउट ४९१४९,० : पॉज ७५ एवढं लूपमध्ये टाकलं की खर्ज दर दीड सेकंदाला उमटतो.

१२८साठीचे बरेच खेळ मात्र एवढ्यानं चालणार नाहीत, त्यांना मेमरीही १२८ के लागते. संगीताचे प्लेअर आणि स्वतः लिहिलेला कोड चालतो.

शेवटी बोर्ड उघडा ठेवू नका. पीसीबी अशा डबीत बसवा की कनेक्टरवर तिचं वजन पडणार नाही, डबीखाली स्पेक्ट्रमच्या उंचीला जुळतील असे रबराचे पाय लावा, आणि तपासणीची तार, बटण व एलईडी बाहेरून हाताला लागतील असे ठेवा.